बायकांच्या बाजूचं दार

बोरखडीच्या देवळाचं छप्पर कोसळलं तेव्हा तो आवाज ऐकायला गावात एकही ख्रिस्ती माणूस उरला नव्हता. ऐकला तो सर्जेराव कामठ्याने. तो गोठ्यात धार काढत होता. म्हैस बुजली, चरवी लाथाडली गेली, सगळं दूध शेणात गेलं. पुढे कैक वर्षं सर्जेराव ते उगाळत राहिला. तुमच्या देवानं माझं दूध सांडलं, असं तो म्हणे, आणि रंगराव दर वेळी तेच उत्तर देई, की म्हैस नीट बांधता येत नसेल तर देवाला नावं ठेवू नयेत.

रंगराव भिंगारदिवे त्या देवळातला. खालच्या वस्तीत जन्मला, पोरवयात तिथल्या खाणीत खडी फोडली, मिसरूड फुटल्यावर मार्केट यार्डात हमालीला गेला आणि पाठ साथ देईपर्यंत तिथेच पोती वाहिली. आता बिबवेवाडीत दोन खोल्यांत बायको शालूबरोबर राहतो. गुडघे कुरकुरतात, पण हात शाबूत आहेत. रिकामा बसला की त्याला आपण आजारी आहोत असं वाटतं, म्हणून तो शेजाऱ्यांच्या गॅसच्या टाक्याही वर चढवून देतो आणि शालूच्या शिव्या खातो.

बोरखडी आता पुण्यात आली आहे. म्हणजे ती जागच्या जागीच राहिली, पुणंच चालत तिच्यापर्यंत गेलं. डोंगराच्या पायथ्याला इमारती उभ्या राहिल्या, ओढ्यावर स्लॅब पडला, खाण बुजवून तिच्यावर बाग झाली. मधला एक पट्टा तेवढा तसाच राहिला. काळ्या दगडाचं पडकं देऊळ, त्याच्यामागे कबरस्तान, आणि कडेला सर्जेरावच्या शेताचा उरलेला तुकडा. बाकीच्या जमिनीवर त्याने इमारत बांधली, पण या तुकड्यात तो मेथी-कोथिंबीर लावतो. नुसतं भाड्यावर बसून खाल्लं की माणूस लवकर मरतो, असं त्याचं मत आहे.

वस्तीतले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणत. आत बाकं नव्हती. चपला बाहेर काढायच्या आणि सतरंजीवर बसायचं. उजव्या हाताला पुरुष, डाव्या हाताला बाया. घंटेची ऐपत नव्हती, म्हणून दारातल्या लिंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा साखळीने टांगला होता. त्यावर लोखंडी गजाने टोला दिला की आवाज वरच्या आळीपर्यंत जाई. लहानपणी सर्जेरावला तो टोला मारायची फार हौस होती. त्याला कुणी मारू दिला नाही. कापणीच्या सणाला लोक आपापल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक आणून पाळकांच्या ओट्यावरच्या टेबलासमोर ठेवत. ज्वारीची कणसं, दुधी, लाल भोपळे, एखादी कोंबडी. उपासना झाली की तिथेच त्याचा लिलाव होई. एका वर्षी कोंबडी सुटली आणि पाळकसाहेबांच्या झग्यात शिरली. ते गीत म्हणत राहिले. त्या दिवसापासून रंगरावचा त्यांच्यावर विश्वास बसला.

मग एकेक घर कामासाठी शहरात गेलं. कुणी घोरपडीला, कुणी येरवड्याला, कुणी बिबवेवाडीला. सतरंज्या अर्ध्याच अंथरल्या जाऊ लागल्या, मग एक, मग तीही नाही. छप्पर पडल्यावर ते तोलणाऱ्या सागवानाच्या कैच्या कुणीतरी नेल्या, कौलं फुटली. पुढे डाव्या बाजूची भिंत माथ्यापासून ढासळली आणि आत-बाहेर दगडांचा ढीग झाला. चांगले घडीव दगड गावातल्या बऱ्याच घरांच्या पायऱ्यांत गेले. सर्जेरावच्या गोठ्याच्या जोत्यातही काही आहेत. तो ते नाकारत नाही.

कबरस्तान मात्र बंद झालं नाही. वर्षा-दोन वर्षांनी जुन्यांपैकी कुणीतरी जाई, आणि पाळक शहरातून येत. फक्त देवळातून जायला वाट उरली नव्हती, म्हणून मयत टेम्पोने मागच्या गल्लीत आणत आणि पडक्या कुंपणाच्या फटीतून आत घेत. जवळ पडे, सोपं पडे. कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार होती ती फक्त अक्काची.

अक्का म्हणजे यमुनाबाई, रंगरावची थोरली बहीण. आई वारली तेव्हा रंगराव अंगावर पिता होता आणि अक्का परकर नेसत होती. तिने त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं, कडेवर घेऊन पाणी भरलं, खाणीवर खडी वेचली. वडील होते, पण ते खाणीतून येत ते भाकरी खाऊन आडवे होत. अक्काला स्थळं आली तेव्हा तिची एकच अट होती, वस्ती सोडणार नाही. त्या अटीपायी दोन चांगली स्थळं गेली. शेवटी वस्तीतल्याच दावीदने होकार दिला. तो भला माणूस होता, आणि तोही आता कबरस्तानात आहे, उजवीकडे, चाफ्याखाली.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास अक्काने अंथरूण धरलं. वस्ती रिकामी झाल्यापासून ती मुलीकडे, पद्मजाकडे राही, रंगरावच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. डॉक्टर म्हणाले वय झालंय, हृदय थकलंय, औषधं द्या आणि जे मागेल ते खायला द्या. अक्काने खायला काही मागितलं नाही. तिने रंगरावला बोलावून घेतलं आणि पद्मजाला बाहेर पाठवलं.

"मला बोरखडीला आईशेजारी ठेव," ती म्हणाली. "आन् देवळातून ने."

रंगराव म्हणाला, देवळात दगड आहेत.

"मागल्या वर्षी वस्तीतल्या शांताला नेली ती मी बघितली. सिमेंटचं पोतं उतरवावं तशी उतरवली कुंपणातून. मागच्या दारानं जायला मी काय चोरी केलीय?"

अक्काने त्याच्याकडे आयुष्यात फार थोड्या गोष्टी मागितल्या होत्या. मागितलेलं मोठं असं हे पहिलंच.

रीत त्यालाही ठाऊक होती. मयत पुढच्या दाराने आत आणायचं, टेबलासमोर ठेवायचं, शेवटचं गीत म्हणायचं, मग बाजूच्या दाराने बाहेर काढून मागे कबरस्तानात न्यायचं. माणूस आयुष्यभर ज्या जागी बसला तिथून त्याने निरोप घेतल्यासारखं होई. वडिलांना, चुलत्याला, दावीदला रंगरावने स्वतः खांदा दिला होता. पेटी उजव्या दाराने निघाली होती, चौकटीला त्याचा कोपर खरचटला होता, हे त्याला लख्ख आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी तो पहार, कुदळ आणि दोन घमेली घेऊन पहिल्या बसने बोरखडीला गेला.

पद्मजा म्हणाली, मामा, जेसीबी लावू या, दोन तासांत होईल. रंगरावने तिला समजावलं की जेसीबी आत जायचा म्हणजे कबरींवरून जायचा. जुन्या कबरी वरून दिसत नाहीत, पण आहेत. कुणाच्या छातीवरून मशीन नेऊन अक्काला वाट करून द्यायची नाही.

यार्डात टोळीत नवा माणूस आला की रंगराव त्याला दोन गोष्टी सांगत असे. पहिली, पाठीने उचलणारा माणूस एक दिवस काम करतो आणि मांड्यांनी उचलणारा रोज करतो. दुसरी, ओझं उचलायच्या आधी ठेवायची जागा बघ. डोक्यावर पोतं घेऊन जागा शोधणारा माणूस म्हणजे दुप्पट वजन. ही दुसरी गोष्ट तो इतक्यांदा सांगे की टोळीतला नागोराव, जालन्याकडचा, त्याला पाठीमागे "जागा बघ" म्हणूनच ओळखत असे.

म्हणून त्याने पहिल्या दिवशी एकही दगड उचलला नाही. नुसता फिरला. पुढच्या दारापासून टेबलाच्या ओट्यापर्यंत आणि तिथून उजव्या दारापर्यंत किती दगड आहे ते पाहिलं. भिंतींवर वर हलणारे किती आहेत ते पाहिलं, काठीने ठोकून. मग ठेवायची जागा ठरवली. डावी बाजू तशीही ढासळलेल्या भिंतीखाली गाडली गेली होती. आत ढीग होताच, त्याच्यावरच रचायचं. नेण्याचं अंतर कमी आणि जागा आयती. त्याला आपला हिशेब आवडला.

मग काम सुरू झालं. लहान दगड घमेल्यातून, मधले पोटाशी धरून, मोठे पहारीने. पहारीखाली टेकू द्यायचा, दगड बोटभर उचलायचा, खाली दगडाची चिप सरकवायची, पुन्हा टेकू. घाई केली की बोट जातं. काम हळू व्हायचं, पण मागे फिरायचं नाही. ऊन चढलं की तो लिंबाखाली बसून शालूने दिलेली भाकरी खाई. लिंब एवढा वाढला होता की रुळाच्या तुकड्याची साखळी सालीत गडप झाली होती आणि तुकडा नुसताच झाडातून उगवल्यासारखा लोंबत होता.

सर्जेराव रोज येई. येताना मेथीची जुडी आणे, जाताना सल्ला देई. मधल्या वेळात दगडावर बसून राही.

"रंगा, या वयात लोक नातवंडं उचलत्यात," तो एकदा म्हणाला. "तू धोंडं उचलतुयास."

"नातवंडं पुण्यात नाहीत. धोंडे आहेत."

"आन् हे कुठं रचतुयास? माझ्या गोठ्यात टाक की. तिथं त्येंचे भाऊबंद हायेत."

रंगराव हसला नाही, पण घरी जाऊन त्याने ते शालूला सांगितलं, आणि शालू हसली तेव्हा तोही हसला.

संध्याकाळी तो अक्काकडे जाऊन दिवसाचं काम सांगे. आज ओट्यापर्यंत पोचलो. आज फरशी लागली. आज उजव्या दाराची चौकट मोकळी झाली, चौकट म्हणजे दगडी, लाकूड कधीच गेलंय. अक्का डोळे मिटून ऐके. उजवं-डावं तिच्या कानावरून गेलं असावं, कारण ती दुसऱ्याच गोष्टी विचारी. पाळकांचा ओटा फुटलाय का? भिंतीला मारलेला चुन्याचा पांढरा हात अजून दिसतो का? विहिरीकडची वाट आहे का? रंगराव तिला सांगे, विहीर बुजवली अक्का, कधीच. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी.

पण तिचा आवाज सुधारत चालला होता. ती उशीला टेकून बसू लागली. पद्मजा म्हणाली, मामाच्या दगडांचा गुण औषधाला नाही. नाताळच्या आधी अक्का म्हणाली की मला दाखव. पद्मजाने नको म्हटलं, डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरही नको म्हणाले. अक्का म्हणाली, मेल्यावर न्यायचंच आहे, तर आत्ता एकदा जाऊन आले तर काय खर्च होतो.

नाताळ झाल्यावर एका सकाळी ते रिक्षाने गेले. देवळाच्या पुढच्या दारापाशी पद्मजाने प्लास्टिकची खुर्ची उघड्यावर ठेवली. रंगराव आणि सर्जेरावने अक्काला खुर्चीसकट उचललं. उचलायच्या आधी अक्काने आपल्या पायातल्या चपला काढायला लावल्या. वर छप्पर नव्हतं, खाली कुत्र्यांनी घाण केली होती ती रंगरावने धुऊन काढली होती, तरी चपला काढल्याच पाहिजेत. मग सर्जेरावनेही काढल्या.

आतली वाट स्वच्छ होती. पुढच्या दारापासून ओट्यापर्यंत आणि तिथून उजव्या दारापर्यंत, दोन माणसं मधल्या पेटीसकट बरोबरीने जातील एवढी. रंगरावने दोन्ही कडांना दगड ओळीने लावले होते. डाव्या बाजूला त्याने रचलेली थप्पी छातीएवढी उंच होती, यार्डातल्या पोत्यांच्या थप्पीसारखी सरळ, एकही दगड बाहेर डोकावत नव्हता.

अक्काने सगळीकडे पाहिलं. मग उजव्या दाराकडे पाहिलं. मग थप्पीकडे.

"रंगा," ती म्हणाली, "हे पुरुषांचं दार."

तो म्हणाला, हो, याच दाराने आपल्या बाबांना नेलं.

"बाबांना नेणारच की. बाबा पुरुष होते." तिने हाताने डावीकडे दाखवलं. "बायांना बायांच्या दारानं नेतात. आईला तिकडनं नेली. शांताच्या सासूला तिकडनं नेली. तू हे सगळं रचलंयस ते बायांच्या दारावर."

रंगराव थप्पीकडे बघत राहिला. आता त्याला उमगलं. वस्तीत बाई गेली की जवान पोरांना खड्डा खणायला पाठवत आणि त्यांत तो पहिला असे, कारण त्याच्यासारखी कुदळ कुणाची चालत नसे. तो खड्ड्यात उतरलेला असे, मान वर करी तोवर पेटी काठाशी आलेली असे. ती कोणत्या दाराने निघाली ते खालून दिसत नसे. पुरुषांच्या वेळी तो घरचा म्हणून खांद्याला असे. त्याने आयुष्यभर एकच दार पाहिलं आणि तेच दार धरून चालला. विचारलंही नाही. विचारायचं सुचलंच नाही.

अक्काने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

"चांगलं केलंस," ती म्हणाली. "स्वतःचं आधी करून घेतलंस."

सर्जेराव आधी हसला. मग पद्मजा. मग रंगरावलाही हसू फुटलं, पण ते अर्ध्यावर थांबलं. अक्का म्हणाली, जाऊ दे, याच दाराने ने मला. जन्मभर मी खडी वेचली, पाणी ओढलं, बाप्याची कामं केली. या दाराने गेले तर कोण अडवणार आहे.

रंगराव म्हणाला, "मी अडवीन."

"येडा हायेस का तू? पुन्हा सगळं उचलणार?"

"रचलंय मी. उचलणार मीच."

घरी जाताना रिक्षात तिने त्याचा हात हातात घेतला, त्याच्या पंजावरचे नवे घट्टे चाचपले आणि लहानपणी खाणीवरून आल्यावर म्हणे तेच म्हणाली, "खोबरेल लाव."

दुसऱ्या दिवशी रंगराव पुन्हा बसने गेला. थप्पीपुढे उभा राहिला. एवढी सरळ थप्पी त्याने यार्डातही क्वचितच लावली होती. ती मोडायची, आणि तिच्याखाली ढासळलेली मूळ भिंत, ती वेगळीच. पण काम मोठं आहे याचं त्याला दुःख नव्हतं. जागा न बघता ओझं ठेवलं, याचं होतं. टोळीत कुणी असं केलं असतं तर त्याने त्याला दिवसभर बोलणं ऐकवलं असतं. इथे बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून ते काम सर्जेरावने अंगावर घेतलं.

"नागोरावला कळलं तर?" सर्जेराव म्हणाला. "जागा बघ म्हणे."

"सांगू नकोस."

"मी कशाला सांगतोय. तूच बोलव त्याला. वरचे लांब धोंडं तुझ्या एकट्याच्यानं हलायचं न्हाईत."

आता ठेवायची जागा कुठली, हा प्रश्न होता. आत नको, कबरींवर नको, रस्त्यावर ठेवले तर रातोरात जातील. रंगराव दुपारभर फिरला. त्याला जागा सापडली नाही. सर्जेराव मेथीच्या वाफ्यात पाणी सोडून आला आणि म्हणाला, माझ्या बांधावर ठेव.

रंगरावने त्याच्याकडे नीट पाहिलं. बोरखडीत बांधाच्या बोटभर जागेवरून सख्ख्या भावांनी तोंडं बघणं सोडलं होतं. खुद्द सर्जेराव आणि त्याचा चुलतभाऊ अजूनही एका लग्नात एका पंगतीला बसत नाहीत, ते एका धोंड्यापायी. आपल्या बांधावर दुसऱ्याचा दगड ठेवू देणं ही लहान गोष्ट नव्हती.

"कायमचे ठेवीन," रंगराव म्हणाला. "परत नेणार नाही."

"मग ठेव की. कुणी विचारलं तर म्हनीन, देवळाचं हायेत. देवळाच्या धोंड्याला कोन हात लावतंय." मग त्याला गोठा आठवला असावा. "आता तरी," तो म्हणाला.

जानेवारीच्या थंडीत काम पुढे सरकू लागलं. यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी नागोराव आला, टोळीतले आणखी दोघं घेऊन. त्याने थप्पी पाहिली, रंगरावकडे पाहिलं आणि एक अक्षर बोलला नाही. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. दरवाजावरची लांब शिळा आडवी पडली होती, ती पाइपांच्या तुकड्यांवर लोळवत चौघांनी बाहेर नेली. टोळीत काम करायची रंगरावची जुनी सवय परत आली. कुणी कुणाला सांगत नाही, एकाचा श्वास सुटला की दुसऱ्याचा हात खाली लागतो. त्या दिवशी घरी जाताना त्याला वाटलं की आपण यार्ड सोडून फार वर्षं झाली नाहीत.

सर्जेरावने आधी नुसती घमेली पुढे सरकवली, मग भरली, मग एक दिवस बंडी काढून दगडाला हात घातला. दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला.

आता अक्का दर रविवारी यायची. पद्मजाने विरोध सोडला होता. ती खुर्ची लिंबाखाली ठेवायची आणि स्वतः आणलेला डबा सगळ्यांना वाढायची. अक्का खुर्चीतून काम सांगे. त्या कोपऱ्यात शांता बसायची, तिच्या मागे शाळेच्या बाई. इथे लहान पोरांची रांग. पोर रडलं की बायका त्या दाराने बाहेर विहिरीकडे न्यायच्या, म्हणून ते दार त्यांचं. उपासना चालू असली तरी त्या दाराने ये-जा असे, आणि पाळकसाहेब कधी बोलले नाहीत.

"त्या खांबापाशी मी बसायची, तुला मांडीवर घेऊन," ती म्हणाली. "तिथंच तू माझ्या परकरावर मुतायचास. गीत चाललेलं असताना."

नागोराव तेवढ्यात घमेलं घेऊन चालला होता. त्याने ऐकलं. पुढचा महिनाभर रंगरावला "जागा बघ" म्हणायची गरजच पडली नाही, नागोरावला चिडवायला नवीन सापडलं होतं.

पुरुषांच्या सतरंजीवर पहिल्यांदा बसला तो दिवस रंगरावला आठवत होता. वडिलांनी हाताला धरून उजवीकडे नेलं होतं आणि त्याला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. त्या दिवशी अक्काने डावीकडून बघितलं असेल का, हे त्याने कधी मनात आणलं नव्हतं. आता त्या खांबापाशी उभं राहून त्याने उजवीकडे पाहिलं. खांबापासून पुरुषांच्या सतरंजीची जागा सरळ दिसत होती.

फाल्गुनात बायांच्या दाराचा उंबरा लागला. रंगरावने वरची माती हाताने काढली, मग फडक्याने पुसली, मग पाणी ओतलं. पाणी वाहून गेलं नाही. दगडाच्या मधोमध उथळ खळगा होता, ताटाएवढा, आणि पाणी त्यात साचून राहिलं. उजव्या दाराचा उंबरा त्याने मागेच साफ केला होता. तो सपाट होता. पुरुष येत ते पुढच्या दाराने, बाजूचं दार त्यांना मयतापुरतंच लागे. हा खळगा अनवाणी बायकांच्या पायांनी पडला होता, पोरं कडेवर घेऊन आत-बाहेर करणाऱ्या.

रविवारी अक्का आली तेव्हा खुर्ची आत नेण्याआधीच ती उठून उभी राहिली. एका बाजूने पद्मजा, दुसऱ्या बाजूने रंगराव. ती हळू चालत बायांच्या दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि ते खळग्यात बसलं की नाही ते वाकून पाहिलं. बसलं. मग ती बाहेर पडली, देवळाला वळसा घालून आईच्या कबरीपर्यंत गेली आणि तिथे रंगरावने झाडून ठेवलेल्या जागेवर बसली. आईच्या कबरीला नाव नव्हतं, डोक्याशी एक गोल दगड होता. अक्काने त्याच्यावरून हात फिरवला.

परत येताना तिने विचारलं की विहिरीकडची वाट आहे का. या वेळी रंगराव म्हणाला, आहे.

ती ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गेली, दुपारी, झोपेत. पद्मजाने आधी रंगरावला हाक मारली आणि मग डॉक्टरांना.

शहरातून आलेले पाळक तरुण होते. पडक्या भिंतींमधून लोक न्यायचे म्हटल्यावर ते कचरले, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. रंगरावने त्यांना आत नेऊन भिंती दाखवल्या. हलणारे दगड काढले होते, डाव्या भिंतीला टेकू दिला होता. त्यांनी एकदा टेकूला हात लावून पाहिला, मग दारापाशी जाऊन बूट काढले. मागोमाग सगळ्यांनी काढले. घोरपडीहून, येरवड्याहून आलेली जुनी माणसं, त्यांची सुना-नातवंडं. आत शिरल्यावर कुणी न सांगता पुरुष उजवीकडे गेले आणि बाया डावीकडे. सतरंजी नव्हती. फरशी तापली होती, तरी म्हातारी माणसं खाली बसली.

शेवटचं गीत संपत आलं तेव्हा रंगराव उठला आणि एकटाच बायांच्या दाराने बाहेर पडून मागे गेला. खड्डा पाहिला. कडा पक्क्या होत्या. दोऱ्या पाहिल्या, पेटी टेकवायच्या फळ्या पाहिल्या, आईच्या गोल दगडावर माती उडाली होती ती झाडली. मग परत आला, पेटीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला खांदा लावला आणि म्हणाला, "उचला."

दुसऱ्या बाजूला नागोराव होता, मागे पद्मजाचा नवरा आणि त्याचा भाऊ. सर्जेराव खांद्याला नव्हता. तो लिंबाखाली गज हातात घेऊन उभा होता. पेटी दाराशी आली तसा त्याने पहिला टोला दिला, मग थांबून दुसरा, जसे तो लहानपणी कुंपणाबाहेरून ऐकत असे तसे, सावकाश. सोसायटीच्या गॅलऱ्यांतून लोक डोकावले.

पेटी दारातून निघाली. कुणाचा कोपर दगडाला लागला नाही. उंबऱ्यावर रंगरावने पाऊल टाकलं ते खळग्यात पडलं, आणि तो पुढे झाला.

ईस्टर झाल्यावर एका सकाळी सर्जेराव मेथीची जुडी घेऊन आला तर रंगराव पुरुषांच्या बाजूच्या वाटेवरचं गवत काढत होता. बायांच्या बाजूचं काढून झालं होतं. सर्जेराव वाटेलगतच्या बांधावर रचलेल्या देवळाच्या दगडावर बसला आणि म्हणाला, आता हे कशाला.

"अक्का म्हणाली ना, स्वतःचं आधी करून घेतलं म्हणून. केलंय तर साफ ठेवतो."

"घाई न्हाई ना तुला?"

"नाही," रंगराव म्हणाला. "पाय उचल. गवत आहे खाली."